अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाविषयी चारचौघांत कसे बोलावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वसाहतीतील वाचनप्रेमी मंडळी महिन्यातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात जमतात आणि प्रत्येकाने सध्या काय वाचतो आहोत ते सांगावे असा प्रघात आहे. परंतु काही जण कादंबरीची सबंध गोष्ट सांगून टाकतात, काही जण ‘फार सुंदर आहे, सर्वांनी वाचावे’ एवढेच म्हणतात, आणि ज्यांचे पुस्तक अर्धेच झाले आहे ते ‘पूर्ण झाल्यावर बोलू’ असे म्हणून गप्प राहतात. यावर उपाय काय, आणि त्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच पुस्तक वाचावे का, असे आपण विचारले आहे. सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल असताना आणि निवृत्तीनंतरही वाचकांच्या अशा बैठका मी दीर्घकाळ चालवीत आले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

माझ्या मते, ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे सर्वाधिक आहे तीच माणसे आपल्या बैठकीत गप्प बसलेली आहेत. पुस्तक संपवलेला वाचक येतो तो निकाल घेऊन. पुस्तक आवडले की नाही, शेवट पटला की नाही, हे त्याचे ठरलेले असते. मधल्या पानावरच्या वाचकाचे असे काही ठरलेले नसते. त्याच्या मनात शंका असतात, एखाद्या पात्राचा राग असतो, काल रात्री ज्या परिच्छेदापाशी तो थांबला त्याची ताजी आठवण असते, आणि पुढे काय होईल याविषयी काही अंदाज असतो. शेवट कळला की या गोष्टी फार लवकर पुसल्या जातात. आपण आधी काय समजत होतो हे आपल्यालाच नीट आठवत नाही. म्हणून सध्या काय वाचता या प्रश्नाला परीक्षणाच्या स्वरूपात उत्तर देण्याचा हट्ट सोडून द्यावा, हा माझा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. परीक्षणाला पुस्तक संपल्यानंतर पुष्कळ वेळ असतो. बैठकीत सांगायचे ते चालू वाचन, आणि ते चालू असतानाच सांगायचे.

वाचन चालू असताना त्याविषयी बोलण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. श्रावणात किंवा चातुर्मासात घरी अथवा देवळात पोथी लावली जाई, तेव्हा श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ कोणी एका बैठकीत संपवीत नसे. एक जण ओव्या वाची, अर्थ सांगितला जाई, अध्याय संपला की पोथी बांधून ठेवली जाई आणि दुसऱ्या दिवशीच्या अध्यायापर्यंत श्रोत्यांचे बोलणे त्या एका अध्यायापुरतेच चाले. कथा सर्वांना ठाऊक असूनही ते बोलणे रंगत असे, ही गोष्ट मला विशेष वाटते. पुढे छापील कादंबरीच्या काळातही हेच घडले. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. त्या काळच्या वाचकापुढे शेवट उपलब्धच नव्हता. कादंबरीची नायिका यमू हिचे पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नसताना, पुढचा अंक येईपर्यंत, घराघरांत तिच्याविषयी जे बोलले गेले असेल ते सगळे अर्धवट वाचलेल्या पुस्तकाविषयीचेच बोलणे होते. आपल्या सभासदांना ही पार्श्वभूमी एकदा सांगावी. अर्धवट वाचून बोलणे म्हणजे अप्रामाणिकपणा, असे अनेक सुशिक्षित वाचकांना मनापासून वाटते आणि तो संकोच घालवल्याशिवाय पुढचे काही जमत नाही.

आता प्रत्यक्ष काय सांगावे, याकडे वळते. सुरुवात आपण पुस्तकात कोठे आहोत तेथून करावी: कितव्या पानावर, कोणत्या प्रकरणात. ही माहिती किरकोळ वाटते, पण तिच्यामुळे ऐकणाऱ्यांना मर्यादा कळते आणि बोलणाऱ्यालाही सबंध पुस्तकाचे ओझे वाटत नाही. त्यानंतर पुस्तक हाती कसे आले ते सांगावे. कोणी सुचवले, रद्दीच्या दुकानात मिळाले, वडिलांच्या कपाटात होते, की दुसऱ्याच एका पुस्तकात त्याचा उल्लेख आला म्हणून शोधले, हे सांगताना सर्वांत अबोल माणूसही मोकळा होतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मग एकच जागा निवडावी, जेथे आपण थांबलो, मागे जाऊन पुन्हा वाचले, किंवा पुस्तक मिटून विचार करीत बसलो. ती जागा कोणती आणि तेथे का थांबलो, एवढे सांगितले की मुख्य काम झाले. वाटल्यास पुढे काय होईल असे वाटते तेही सांगावे. या सगळ्याला पाच-सात मिनिटे पुरतात.

उदाहरण देते. आमच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षकांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ अर्ध्यावर असताना तिच्याविषयी सांगितले होते. ही १९५५ ची छोटी कादंबरी आहे. एक तरुण मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, एवढे कथानक त्यांनी एका वाक्यात सांगितले आणि थेट स्वतःच्या थांबण्याच्या जागेवर आले. वाडीतील माणसे मास्तरकडे शाळेखेरीज इतर कामे घेऊन येऊ लागतात, आपली भांडणे आणि अडचणी त्याच्यापुढे मांडतात, तो भाग त्यांना पुढे वाचवेना. आपण पहिल्या नेमणुकीच्या गावी गेलो तेव्हा लोकांनी आपल्यालाही असेच धरले होते; ते विश्वासाने होते की केवळ लिहिता-वाचता येणारा माणूस हाताशी सापडला म्हणून होते, हा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांनी पुन्हा पडला होता. पुढे वाडीवर तालीम बांधण्याचे ठरते तेथपर्यंत ते आले होते आणि ती बांधून होईल असा त्यांचा अंदाज होता. बैठकीत कादंबरी पूर्ण वाचलेले पुष्कळ जण होते. कोणीही पुढचे सांगितले नाही, आणि पुढे काय होते ते मीही येथे लिहीत नाही. त्या दिवशी कथानक जवळपास सांगितलेच गेले नव्हते, तरीही बैठक संपताच ती कादंबरी मागायला तिघे-चौघे जण पुढे आले. संपूर्ण गोष्ट ऐकल्यावर असे होत नाही, कारण गोष्ट ऐकून झालेली असते.

यावरून कथानकाविषयीचा नियम आपोआप मिळतो. जेथून आपला प्रश्न समजेल तेवढेच कथानक सांगावे. आणि ज्यांनी ते पुस्तक पूर्वी वाचले आहे त्यांच्यासाठी नियम अधिक कडक असावा: बोलणारा ज्या पानावर आहे त्याच्या पुढे जायचे नाही. ‘थांबा, पुढे बघा काय होते ते’ एवढे वाक्यही मी होऊ देत नाही. त्या वाक्याने काहीच उघड होत नाही असे वाटते, परंतु वाचकाचे लक्ष समोरच्या पानावरून उडून येणाऱ्या धक्क्याकडे लागते, आणि त्याचे पुढचे वाचन त्यामुळे बदलते.

मोठ्याने वाचण्याविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण बैठकीतील हे सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. पुस्तकाची भाषा वर्णन करून सांगता येत नाही. ‘शैली ओघवती आहे’, ‘भाषा साधी पण प्रभावी आहे’ ही वाक्ये कोणत्याही पुस्तकाला चिकटवता येतात आणि म्हणून कोणत्याच पुस्तकाविषयी काही सांगत नाहीत. त्याऐवजी एक परिच्छेद वाचावा. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे या बाबतीतले माझे नेहमीचे उदाहरण आहे. लग्नानंतर, संसारात राहून अक्षरे शिकलेल्या या बाईंचे १९३० च्या दशकात भागाभागाने प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र समोर बसून बोलल्यासारखे लिहिलेले आहे. त्यातील वाक्ये डोळ्यांनी वाचताना जितकी आवडतात त्याहून कानाने ऐकताना अधिक आवडतात. एखाद्या प्रसंगाचे एक पान वाचून दाखवले की ज्यांना आत्मचरित्र या प्रकाराचे वावडे आहे तेही कान देऊन ऐकतात.

वाचून दाखवण्यालाही तयारी लागते. उतारा पानापेक्षा मोठा नसावा. घरी तो एकदा तरी मोठ्याने वाचून पाहावा, म्हणजे लांब वाक्यात श्वास कोठे घ्यायचा ते कळते. पानात खुणेची चिठ्ठी घालून आणावी, कारण पाने चाळत ‘येथेच कोठेतरी होते’ म्हणण्यात श्रोत्यांचे लक्ष जाते. अभिनय करू नये. संवाद असतील तर कोण बोलते आहे ते आधी सांगावे. बोलीभाषेतील मजकूर असेल, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी किंवा माणदेशी, तर ती बोली ज्याच्या घरची आहे अशा सभासदाला वाचायला द्यावे. आमच्याकडे खानदेशातील एक गृहिणी कधी स्वतःहून बोलत नसत. अहिराणी कवितेचे एक पान त्यांच्या हाती दिल्यावर त्यांनी ते इतके सुरेख वाचले की पुढे प्रत्येक बैठकीत त्यांना आग्रह होऊ लागला, आणि हळूहळू त्या स्वतःच्या वाचनाविषयीही बोलू लागल्या. उतारा वाचून झाल्यावर लगेच स्पष्टीकरण सुरू करू नये; थोडा वेळ कोणीही बोलू नये आणि पहिले बोलणे श्रोत्यांकडून येऊ द्यावे.

पुस्तकाचा प्रकार बदलला की सांगण्याची रीतही थोडी बदलावी लागते. कवितासंग्रह ‘वाचून’ होत नाही. त्यातील एक कविता वाचावी आणि ती किती दिवस मनात आहे ते सांगावे. लेखसंग्रहाची सोय अशी की एक लेख झाला तरी पूर्ण काहीतरी हाती असते. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये महाभारतातील एकेका व्यक्तीवर स्वतंत्र लेख आहेत, गांधारीवरचा लेख वाचून झालेला वाचक कुंतीपर्यंत पोचलेला नसतानाही भरपूर बोलू शकतो, आणि पुढच्या महिन्यात कुंतीविषयी बोलताना आधीचे मत बदललेही असू शकते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ तर मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेले आहे. आमच्यातील एका सभासदांनी ते चैत्रापासून त्या त्या महिन्यातच वाचायचे ठरवले आणि वर्षभर ‘सध्या काय वाचता’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर तेच होते, तरी दर वेळी नवे असे. आपल्या रस्त्यावरचा पळस, पांगारा, बहावा यांच्याकडे पाहून पुस्तकाशी ताडून घेतल्यावर त्या जे सांगत ते कोणत्याही समीक्षकाला सुचले नसते. वैचारिक आणि माहितीपर पुस्तकांविषयी बोलताना प्रकरणांचा सारांश देण्याचा मोह होतो. त्याऐवजी आपल्याला कालपर्यंत माहीत नसलेली किंवा आपल्या समजुतीला धक्का देणारी एक गोष्ट सांगावी.

भाषांतरित पुस्तक असेल तर भाषांतरकाराचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. कन्नडमधील भैरप्पा मराठी वाचकाला आपल्या घरातले लेखक वाटतात, त्यामागे उमा कुलकर्णी यांचे श्रम आहेत, आणि आपण वाचतो ती मराठी वाक्ये त्यांची आहेत. त्याचप्रमाणे जुन्या पुस्तकाच्या बाबतीत आवृत्ती सांगावी. हा ग्रंथपालाचा आग्रह म्हणून सोडून देऊ नये. त्याला कारण आहे. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आमच्याकडे एकाच वेळी दोघे जण वाचत होते आणि मजकूर जुळेना म्हणून त्यांच्यात वाद सुरू झाला. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध केले ते स्वतःचे संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. एकाच्या हाती पहिल्या परंपरेतील प्रत होती, दुसऱ्याच्या हाती दुसऱ्या. वाद मिटला आणि पुढची सबंध बैठक दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचण्यात गेली. इतकी रंगलेली बैठक मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. जे सभासद पुस्तके ऐकतात, त्यांना पानांचा क्रमांक सांगता येत नाही. त्यांनी प्रकरण आणि वाचणाऱ्याचे नाव सांगावे. ऐकणे हे वाचनापेक्षा कमी प्रतीचे आहे असा सूर कोणी लावला तर तो तेथेच थांबवावा.

ऐकणाऱ्यांच्या वागण्यावर बैठकीचे यश निम्म्याहून अधिक अवलंबून असते. ‘मी ते कॉलेजात असतानाच वाचले’ हे वाक्य बोलणाऱ्याचा उत्साह जागच्या जागी संपवते. ‘त्यापेक्षा त्यांचे दुसरे पुस्तक चांगले आहे’ हेही तसेच. चांगले प्रश्न साधे असतात. तुम्ही कोठे थांबलात? हे पात्र तुम्हाला कोणासारखे वाटते? दिवसातून केव्हा वाचता? पुढे वाचायचे कुतूहल आहे की नेट लावून वाचावे लागते आहे? या शेवटच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळू लागले की बैठकीतील वातावरण बदलते, कारण प्रतिष्ठित पुस्तक आपल्याला जड जाते आहे हे कबूल करण्याची सोय होते.

याच कारणासाठी पुस्तकांची उच्च-नीच प्रतवारी बैठकीत येऊ देऊ नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि मराठी माणसांच्या काही पिढ्यांना वाचनाची गोडी लागली ती त्यांच्यामुळे. रहस्यकथा वाचणाऱ्या सभासदाला संत साहित्य वाचणाऱ्याइतकाच वेळ आणि तितकेच लक्ष मिळाले पाहिजे. पाककृतींचे पुस्तक, शेतीविषयक मासिक, मुलाला वाचून दाखवत असलेले गोष्टींचे पुस्तक, हे सगळे चालू वाचनच आहे. दिवाळीनंतरचे दोन महिने बहुतेकांच्या हाती दिवाळी अंकच असतात. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाची ही सवय आहे आणि वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांवर ती टिकून आहे. त्या काळात प्रत्येकाने एका अंकातील एका लेखाविषयी किंवा कथेविषयी बोलावे. कोणता अंक प्रथम घ्यावा हे त्यातून इतरांना कळते आणि अंक हातोहात फिरतात. आणि ‘या महिन्यात काहीच वाचले नाही’ असे सांगणाऱ्याला कारण विचारू नये. आजारपण, परीक्षा, घरातील दुखवटा अशा काळात वाचन थांबते. त्या माणसाने तरीही बैठकीला यावे, एवढीच अपेक्षा ठेवावी.

अर्ध्यावर सोडलेल्या पुस्तकांविषयीही आवर्जून बोलावे. ग्रंथालयशास्त्रात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेली पाच सूत्रे प्रसिद्ध आहेत; त्यातील दोन अशी की प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. ग्रंथाला त्याचा वाचक मिळण्याच्या सूत्राचा खरा अनुभव मला सोडलेल्या पुस्तकांच्या बाबतीत आला. ‘लेखक झाडांची वर्णने थांबवतच नाही, म्हणून मी सोडले’ असे एकाने म्हटले की झाडांवर प्रेम करणारी दुसरी व्यक्ती तत्काळ हात पुढे करते. मात्र सोडण्याचे कारण नेमके सांगितले पाहिजे. ‘कंटाळवाणे आहे’ या शेऱ्याने पुस्तकाचेही नुकसान होते आणि श्रोत्यालाही काही मिळत नाही. ‘पहिल्या साठ पानांत एवढी माणसे येतात की मला ती वेगळी ठेवता येईनात’ या वाक्याने दोघांचेही काम होते.

बैठकांना सलगता देणारी एक गोष्ट म्हणजे नोंदवही. साधी दोनशे पानी वही पुरते. तारीख, सभासदाचे नाव, पुस्तक, लेखक, असल्यास भाषांतरकार, प्रकाशक, आवृत्ती, सध्याचे पान, आणि त्या व्यक्तीने सांगितलेली थांबण्याची जागा एका ओळीत, एवढेच लिहावे. पुढच्या बैठकीची सुरुवात या वहीतून करावी: ‘मागच्या वेळी आपण एकशे बाराव्या पानावर होता आणि थोरल्या भावावर आपला संशय होता, आता काय वाटते?’ हा प्रश्न मिळाला की बोलणाऱ्याला तयारी करावी लागत नाही. आपले म्हणणे कोणी लिहून ठेवले आणि महिनाभर लक्षात ठेवले, या जाणिवेने माणसे पुस्तक पुरे करतात, हेही मी पाहिले आहे. वही आयोजकाने स्वतःकडे ठेवू नये. ती दर वेळी वेगळ्या सभासदाने लिहावी, आणि जे फार बोलतात त्यांना ती आधी द्यावी. लिहिताना त्यांना ऐकावेच लागते. वेळेच्या बाबतीत म्हणाल, तर दहा-बारा जणांनी दर महिन्याला बोललेच पाहिजे असे नाही. पाच-सहा जणांचे नीट ऐकले आणि उरलेल्यांनी केवळ पुस्तक दाखवून पान सांगितले, तर दीड तासात समाधानकारक बैठक होते. पुस्तक मात्र प्रत्येकाने सोबत आणावे. हातोहात फिरणारी प्रत, तिचा आकार, अक्षरांचा ठसा, पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, हे पाहिल्यावर वाचायची इच्छा जितकी होते तितकी मोबाईलवरील मुखपृष्ठाच्या छायाचित्राने होत नाही.

ऐकून इच्छा झाली की पुस्तक मिळवण्याचा प्रश्न येतो आणि मराठीत तो सोपा नाही. आवृत्त्या लहान असतात, संपलेल्या पुस्तकांची पुनर्मुद्रणे वर्षानुवर्षे होत नाहीत. म्हणून बोलणाऱ्याने प्रत कोठून मिळवली हे सांगणे उपयोगाचे ठरते. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयांत दुकानात न मिळणारी कितीतरी पुस्तके आजही आहेत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, आणि अशा संस्थांच्या कपाटांत काय काय आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात तर पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे येते आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. आपल्यासारख्या गटाने त्याची चौकशी जरूर करावी. पुस्तकाची पीडीएफ गटात फिरवणे मात्र कटाक्षाने टाळावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क सुरक्षित असतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले असल्याने त्यांचे लेखन आता मुक्त आहे. हयात लेखकाच्या नव्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र फिरवलेली प्रत्येक फाईल आधीच थोड्या असलेल्या विक्रीतून वजा होते. ज्यांच्या पुस्तकांवर आपण प्रेम करतो त्यांच्याशी असे वागणे मला मान्य नाही, आणि गटात तसे घडले तर मी स्पष्ट बोलते.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. सर्वांनी एकच पुस्तक वाचण्याची पद्धत चांगली आहे, परंतु तिने या बैठकांची जागा घेऊ नये. एकच पुस्तक नेमून दिले की त्याला अभ्यासक्रमाचे रूप येते, ज्यांचे वाचून झाले नाही ते येणे टाळतात, आणि माणसे स्वतःहून काय निवडतात हे कळण्याची संधी जाते. वर्षातून एकदा, पावसाळ्यात बाहेर जाणे कमी असते तेव्हा, एखादे लहान पुस्तक घ्यावे. विश्राम बेडेकरांची १९३९ ची ‘रणांगण’ ही कादंबरी मी अनेक गटांना सुचवली आहे. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर, दुसरे महायुद्ध तोंडावर असताना, एक मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी यांची भेट होते. पुस्तक थोड्या पानांचे आहे, भाषा आजच्या वाचकाला परकी वाटत नाही, आणि प्रती वाचनालयांत मिळतात. तेही दोन बैठकांत विभागावे. पहिल्या बैठकीला सर्वांनी निम्मे वाचून यावे, पुढे वाचू नये, आणि प्रत्येकाने आपला अंदाज नोंदवहीत लिहून ठेवावा. दुसऱ्या बैठकीत ती पाने आधी मोठ्याने वाचावीत आणि मगच शेवटाविषयी बोलायला सुरुवात करावी.